पारसनीसांचं वळणदार अक्षर

उज्जैनच्या पारसनीसांकडे सून पसंत करायची रीत निराळी होती. मुलीला गाणं म्हणायला सांगत नसत की पोहे कुणी केले हेही विचारत नसत. दौत, टाक आणि कोरा कागद तिच्यापुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "लिही काहीतरी." पाच पिढ्या दरबाराचे खलिते लिहिण्यात गेलेलं हे घर. माणूस खरा की खोटा, त्याची तब्येत बरी आहे की बिघडलेली, हे सगळं अक्षरावरून कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती. अहल्येने लिहिलेला कागद पाहून तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, अक्कांनी, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सुस्कारा सोडला. शाईत पाय बुडवून मुंगळा चालत गेल्यासारखं ते अक्षर होतं. पण पत्रिका जुळत होती, मुलीचे वडील रेल्वेत होते, म्हणून अक्कांनी ते पोटात घातलं. पुढची चौदा वर्षं आठवड्यातून एकदा तरी त्यांनी ते बाहेर काढलं.

अक्कांच्या मुलाचं, शरच्चंद्राचं अक्षर मात्र कचेरीत भिंतीला टांगून ठेवावं असं. साहेब बदलले, राज्य बदललं, पण महत्त्वाचा कागद निघायचा झाला की हाक एकच, "पारसनीस को बुलाओ." त्या अक्षरानेच त्याचा घात केला. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन व्हायचं ठरलं, तेव्हा कचेरीतला कागद न् कागद तीन प्रतींत उतरवून द्या असा हुकूम आला. शरच्चंद्र अठरा दिवस लिहीत बसला. दहाव्या दिवशी बोटं आखडली, हात थरथरायला लागला. हेडक्लार्क तात्यांनी जानव्याला बांधलेल्या किल्लीने कपाट उघडलं आणि मिऱ्याएवढी काळी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. "घे रे. माळव्याच्या मातीतलंच आहे हे, काही होत नाही. आता बघ हात कसा चालतो." हात चालला. संस्थान विलीन झालं, कागद ग्वाल्हेरला गेले, पण अफू शरच्चंद्राच्या पोटात विलीन होत राहिली ती पुढची आठ वर्षं, सकाळ-संध्याकाळ.

अहल्येला दोन नवरे असल्यासारखं झालं होतं. सकाळचा नवरा थरथरायचा. त्याच्या हातातली कपबशी खुळखुळायची, नाक वाहायचं, उगाच वसवस करायचा. गोळी पोटात गेली की तासाभरात दुसरा यायचा. त्याचा हात अगदी स्थिर, अक्षर मोत्याचं. पण हा घरात असूनही नसायचा. आठ वर्षांची लेक सुलू पाढे म्हणून दाखवायची तेव्हा हा "वा, वा" करायचा, आणि ती पाढे संपवून खेळायला गेली तरी "वा, वा" चालूच असायचं. अहल्येला रडू यायचं, पण तिचा स्वभाव असा की ती आधी राग उरकून घ्यायची. स्वयंपाकघरात भांडी अशी आपटायची की माधव नगरातल्या शेजाऱ्यांना आज पारसनीसांकडे काय बिनसलं ते घरबसल्या कळे.

छप्पन्नच्या पावसाळ्यात बातमी पक्की झाली. आता मध्यभारतही मोडणार, मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळ, आणि कचेरीतल्या निवडक लोकांनी एक नोव्हेंबरला तिथे हजर व्हायचं. साहेबांनी शरच्चंद्राला आत बोलावून दार लावून घेतलं. "पारसनीस, तुमचं नाव यादीत पहिलं आहे. लेकिन वहाँ डॉक्टर तपासणार. अफू निघाली तर नाव कटेल, मग माझ्याजवळ काही इलाज नाही." शरच्चंद्राने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि भिंतीकडे बघत बसला.

"माझ्याजवळून नाही सुटत गं," तो म्हणाला.

आठ वर्षांत पहिल्यांदा त्याने हे कबूल केलं होतं. त्या वाक्यावर अहल्येने ठरवून टाकलं की नोकरी राहो न राहो, हा माणूस अफूतून बाहेर काढायचा, आणि एक तारखेच्या आत काढायचा.

बडनगरच्या रस्त्यावर, नदीपलीकडच्या पेरूच्या बागेत तेव्हा 'कायापालट आश्रम' नवाच निघाला होता. चाळीस दिवस राहायचं, व्यसन सोडून घरी यायचं. चालक भय्यासाहेब. हे पूर्वी एका लहानशा संस्थानात शिकारखान्याचे अधिकारी होते. संस्थान गेलं, वाघही फारसे उरले नव्हते. तेव्हा त्यांनी खादी चढवली आणि माणसं पकडायला सुरुवात केली. "वहिनीसाहेब, निश्चिंत राहा," त्यांनी अहल्येला सांगितलं, "चाळीस दिवस भेट बंद. घरचं माणूस दिसलं की मन डळमळतं. पत्र मात्र दर आठवड्याला येत जाईल." गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी शरच्चंद्र वळकटी घेऊन आत गेला.

पहिलं पत्र आलं. "कळविण्यात येते की प्रकृती उत्तम असून वजनात चार शेरांची वाढ झाली आहे. काळजी नसावी." मायना नाही, सुलूची चौकशी नाही. अहल्येला ते नगरपालिकेच्या नोटिशीसारखं वाटलं. पण अक्कांनी पत्र उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अगं, मजकूर काय बघतेस, हात बघ! जरासुद्धा कंप नाही. सुटली हो अफू माझ्या बाळाची!" खरंच, एकेक अक्षर ओळंब्यात होतं. अहल्येचाही जीव भांड्यात पडला. ती चिंतामण गणपतीला जाऊन नारळ फोडून आली.

पितृपक्षात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. मुलाला एका दिवसाची रजा द्या, रामघाटावर पिंड ठेवून लगेच परत पाठवते, असं अक्कांनी भय्यासाहेबांना लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर. "आपला अर्ज पोहोचला. विचारांती कळविण्यात येते की, रुग्ण श्री. शरच्चंद्र पारसनीस यांना रजा देणे उपचारांच्या दृष्टीने इष्ट नाही. तरी सदर श्राद्ध परस्पर उरकून घ्यावे." खाली भय्यासाहेबांची सही, आणि वरचा मजकूर सगळा शरच्चंद्राच्या हातचा. स्वतःच्या बापाच्या श्राद्धाची स्वतःची रजा त्याने स्वतःच नामंजूर केली होती, तीही चांगला समास सोडून. अहल्या आ वासून बघत राहिली. अक्का मात्र म्हणाल्या, "नाही तर नाही. पण 'श्राद्ध' कसं काढलंय बघ. डोळे निवले." घाटावर पुतण्याला, विलासला बसवून त्यांनी वेळ साजरी केली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या गेंदाबाई पत्र घेऊन आल्या. त्यांचा नवरा भेरूलाल, फ्रीगंजात त्याचं शेव-कचोरीचं दुकान. तोही अफूपायी त्याच आश्रमात होता. "बाईसाब, यो कागद बाँची दो नी," गेंदाबाई म्हणाल्या, "म्हारे तो काळा अक्षर भी नी आवे."

अहल्येने पत्र उघडलं आणि थबकली. पत्र हिंदीत होतं, पण अक्षर तिच्या नवऱ्याचं. भेरूलाल अंगठेबहाद्दर, तेव्हा कुणाकडून तरी लिहवून घेणारच, त्यात काही वावगं नव्हतं. ती वाचायला लागली. "तुम्हारे बिना यहाँ मन नहीं लगता। चाय मिलती है, पर उसमें वह बात नहीं। तुम गुस्से में जो बर्तन पटकती हो, वह आवाज़ सुने एक महीना हो गया। कान तरस गए।"

गेंदाबाई पदराने डोळे पुसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "पण बाईसाब, म्हूँ तो बर्तन कदी नी पटकूँ!"

ते खरं होतं. गेंदाबाई देहाने भारदस्त आणि स्वभावाने गाय. त्यांच्या घरातून वाटी पडल्याचाही आवाज कधी आला नव्हता. अहल्येचे कान तापले. दुसऱ्याच्या बायकोला हे असलं लिहायचं, आणि घरच्या बायकोला 'कळविण्यात येते की'! ती तरातरा आत गेली, आपली पत्रं घेऊन आली आणि गेंदाबाईंच्या पत्राशेजारी पसरून बसली. चार शेर इथेही, चार शेर तिथेही. तारीख एक, वळण एक. आणि तो हात, जरासुद्धा कंप नसलेला.

तिने पत्र पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. हा स्थिर हात तिने रोज पाहिला होता. तो गोळीनंतरचा हात होता. अफू सुटणाऱ्या माणसाचा हात कापला पाहिजे. सकाळची कपबशी आठ वर्षं तिच्या कानांत खुळखुळत होती, तरी पत्र आल्यावर तिनेही अक्कांसारखं नुसतं अक्षर पाहिलं आणि नारळ फोडून मोकळी झाली. पारसनीसांच्या घरात राहून तीही पारसनीस झाली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की हाताशी आलेला पितळी डबा तिने जमिनीवर आपटला.

"हाँ," गेंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "यो आवाज."

दोघी टांग्याने आश्रमात पोहोचल्या. फाटकावरच्या माणसाने अडवलं. गेंदाबाईंनी टोपलीतल्या दहा कचोऱ्या त्याच्या हवाली केल्या आणि तो दुसरीकडे बघायला लागला. आतला थाट पाहण्यासारखा होता. भेरूलाल मोठ्या कढईत शेव पाडत बसला होता. एक शिंपी खादीचे सदरे शिवत होता, बडनगरकडचे एक ठाकूरसाहेब भय्यासाहेबांच्या घोडीला खरारा करत होते. नऊ रुग्ण, ज्याचा जो हुन्नर त्याला तेच काम, आणि सगळे कसे आनंदात, डोळे अर्धे मिटलेले. वैद्यराज म्हणवणारा एक गृहस्थ वाटी घेऊन फिरत होता आणि ज्याच्या त्याच्या तळहातावर काळी गोळी ठेवत होता.

शरच्चंद्र ओसरीवर गादी-तक्क्याशी बसून लिहीत होता. अहल्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"अहो."

"तू?" त्याने मान वर केली. "अगं, आज नको होतीस यायला. अनुदानाचा अर्ज आजच जायचा आहे. तीनशे रुग्णांची तरतूद मागितली आहे."

"हे काय आहे?" दौतीशेजारच्या वाटीत दोन गोळ्या होत्या.

"शांतिवटी. औषध आहे. रोज कमी करत नेतात." त्याने अभिमानाने जाडजूड रजिस्टर उघडलं. "हे बघ. पहिल्या दिवशी चार, मग तीन, मग दोन. मागच्या सोमवारपासून शून्य."

"आणि आज सकाळी किती घेतल्यात?"

"दोन," शरच्चंद्र म्हणाला आणि स्वतःच दचकला. त्याने रजिस्टरकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, पुन्हा रजिस्टरकडे. ते पान त्याच्याच हातचं होतं. इतकं सुरेख लिहिलेलं खोटं असू शकेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अहल्या त्याच्यासमोर खाली बसली. रागावून बोलायचं ठरवून आली होती, पण आवाज निघाला तो निराळाच. "गेंदाबाई भांडी नाही आपटत," ती म्हणाली.

शरच्चंद्र कानांपर्यंत लाल झाला. "भेरूलाल काही सांगेचना. म्हणे, आप ही लिख दो. मसुदा तर द्यायलाच हवा होता. मग मी... माझ्याच मनातलं घातलं."

"मग मला का नाही लिहिलंत?"

"आपल्या घरात तसं कुणी लिहिलंय का कधी?"

मग मात्र अहल्येने रडून घेतलं, चांगलं पोटभर. शरच्चंद्र कधी तिच्याकडे, कधी गोळ्यांकडे बघत राहिला. शेवटी त्याने वाटी उचलली आणि तिच्या हातात दिली. "मला घेऊन चल. पण भय्यासाहेबांच्या सहीच्या हुकमाशिवाय फाटक उघडत नाही. आणि ते मला सोडणार नाहीत. अर्ज कोण लिहिणार?"

"सही करताना वाचतात का ते?"

शरच्चंद्राने विचार केला. "मी आल्यापासून तरी एकदाही नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या संसारात नवरा-बायकोने मिळून लबाडी करायची ही पहिलीच वेळ होती, आणि दोघांनाही ती भारी आवडली.

"मग लिहा," अहल्या म्हणाली.

"प्रमाणित करण्यात येते की रुग्ण श्री. शरच्चंद्र पारसनीस हे पूर्णपणे व्यसनमुक्त झाले असून त्यांना आजपासून घरी जाण्याची परवानगी देण्यात येत आहे." मग भेरूलालचा. मग शरच्चंद्राचा हात थांबेना. नमुना एकच आहे, नावच बदलायचं आहे, म्हणत त्याने नऊच्या नऊ हुकूम काढले आणि अनुदानाच्या अर्जाखाली लावून दिले. अहल्या खांबाआड झाली.

भय्यासाहेब आले. "कितने हैं?"

"अर्ज एक, बाकी जोडपत्रं," शरच्चंद्र म्हणाला. आयुष्यातलं हे त्याचं पहिलं खोटं बोलणं; लिहिलेलं तर रजिस्टरभर होतंच.

भय्यासाहेब उभ्या उभ्या सह्या ठोकत गेले आणि तोंडाने राष्ट्रोद्धारावर बोलत राहिले. शेवटची सही झाली तशी ते जेवायला गेले. पाऊण तासात फाटक नऊ वेळा उघडलं. ठाकूरसाहेब घोडीवर बसूनच बाहेर पडले; घोडी म्हणे त्यांनी दुसऱ्या दिवशी परत पाठवली. चार दिवसांनी सरकारी अधिकारी पाहणीला आले तेव्हा रुग्ण एकही नव्हता आणि बरे झालेल्यांचा आकडा नऊपैकी नऊ होता. संस्थेने आपलं कार्य पूर्ण केलं असून तिला अनुदानाची आवश्यकता उरलेली नाही, असा शेरा मारून ते निघून गेले.

एवढं हसून झालं, पण पुढचे दहा दिवस हसण्याचे नव्हते. खरा आश्रम आता घरी सुरू झाला. शरच्चंद्राला वांत्या झाल्या, पोटऱ्यांत गोळे आले, तो अहल्येला नाही नाही ते बोलला आणि मग तिचाच हात धरून लहान मुलासारखा रडला. तिने भातावरचं पाणी चमच्याने पाजलं, अंग पुसलं, शिव्या ऐकून घेतल्या. या दहा दिवसांत तिने एकही भांडं आपटलं नाही. अकराव्या दिवशी तो उठून बसला, खिचडी मागून जेवला आणि सुलूला म्हणाला, "आण गं पाटी." त्याने पाटीवर तिचं नाव लिहिलं. हात इतका कापला की नाव तिरपं होत पाटीच्या कडेला लागलं.

तात्या भेटायला आले तेव्हा त्यांना पाटी दिसली. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि आवाज उतरवला. "वहिनी, समजून घ्या. डॉक्टरची तपासणी पहिल्या दिवशी. ती होऊन जाऊ दे, नंतर रोज एक कण, बस. या हाताने तिथे मसुदा लिहिणार का हा? अक्षर गेलं तर पारसनीसात राहिलं काय?"

शरच्चंद्र पुडीकडे बघत होता. तेवढ्यात अक्का उठल्या. त्यांनी तात्यांच्या हातातून पुडी घेतली, मोरीत रिकामी केली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं.

"अक्षर गेलं तर जाऊ दे," त्या म्हणाल्या, "तात्या, चहा घेणार का?"

तात्या चहा न घेताच गेले. अक्का देवघरात जाऊन बराच वेळ बसल्या. त्यांना ते बोलणं सोपं गेलं नव्हतं.

शरच्चंद्र ऐन दिवाळीत भोपाळला रुजू झाला. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला अशी तार आली. मग आठ दिवस काहीच नाही. भाऊबीज होऊन गेली आणि एके दुपारी पोस्टमनने कार्ड टाकलं. अक्कांनी ते आधी उचललं, उजेडात धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहल्ये, हे तू कुणाला लिहिलं होतंस गं? परत आलेलं दिसतंय."

"मी नाही लिहिलं, अक्का." अहल्येने कार्ड हातात घेतलं. ओळी चढत-उतरत गेल्या होत्या, दोन ठिकाणी शाई सांडली होती. "ह्यांचं आहे."

अक्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सुस्कारा मात्र या वेळी सोडला नाही. "वाच बाई तूच," त्या म्हणाल्या, "मला हे अक्षर लागत नाही."

अहल्या वाचायला लागली. "प्रिय अहल्या, साहेबांनी माझा हात बघितला आणि मला मसुद्यावरून काढून आवक-जावकला बसवलं. नुसते आकडे घालायचे असतात. वाईट वाटलं, पण जेवण जातं. खोलीत फार शांत आहे, भांड्यांचा आवाज नाही. सुलूला सांग, तिचे पाढे मी इतकी वर्षं ऐकलेच नव्हते. मी आलो की दोनपासून म्हणायला लाव."

वाचताना ती कुठेही अडखळली नाही. ते अक्षर तिला चटकन लागलं. अगदी तिच्याच वळणाचं होतं.